विल्हेस लावण्याची गोष्ट

'विल्हेवाट' या शब्दाचे अलीकडे फार हाल झाले आहेत. जुन्या मराठीत 'विल्हेस लावणे' म्हणजे वस्तू अथवा काम ज्याच्या त्याच्या जागी, नीट व्यवस्थेने मार्गी लावणे. आज मात्र विल्हेवाट म्हटले की नजरेआड करणे, टाकून मोकळे होणे एवढाच अर्थ मनात येतो. आणि बोलण्यात तर त्यातली 'वाट' तेवढी शिल्लक राहिली आहे. शब्दाचा हा उतार कोशकारांनी नोंदवण्यापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण शब्दाबरोबर एक रीतही उतरली आहे, आणि तिचे परिणाम आज ज्यांना भोगावे लागतात ते लोक कोश वाचणारे नाहीत. म्हणून साहित्याच्या या पानावर आम्ही एका अगदी गद्य वस्तूविषयी लिहीत आहोत. ती वस्तू म्हणजे वापरून झालेले व्हेपचे उपकरण आणि त्याच्या पोटातली बॅटरी.

व्हेप अथवा ई-सिगारेट म्हणजे काय हे आता महाविद्यालयीन वाचकांना सांगावे लागत नाही. बोटाएवढी रंगीत नळी, आत निकोटीन मिसळलेला सुगंधी द्रव, तो तापवणारी तार आणि तिला वीज पुरवणारा लिथियम-आयनचा सेल. द्रव संपला की यातील बरीच उपकरणे निकामी ठरतात. आतला सेल मात्र निकामी झालेला नसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील आणि ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा 'एकदाच वापरा' जातीच्या उपकरणांतले सेल काढून तपासले. त्यांतील एक सेल ७०० हून अधिक वेळा भारित होऊनही कामाचा राहिला होता. ज्याला शेकडो आयुष्ये आहेत त्याला एकदाच जगवून फेकायचे, असा हा व्यापार आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधील मटेरियल फोकस या संस्थेने तिथे आठवड्याला सुमारे ५० लाख अशी उपकरणे फेकली जात असल्याचा अंदाज मांडला. पुढे बेल्जियमने १ जानेवारी २०२५ पासून आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली.

आपल्याकडे बंदी त्याआधीच आली. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सारे त्याने गुन्हा ठरवले. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्य की अयोग्य हा आमच्या लेखाचा विषय नाही. तरुण विद्यार्थ्यांना रोज समोर पाहणाऱ्या आम्हां शिक्षकांना ती योग्यच वाटते. आमचा मुद्दा तिच्या पलीकडचा आहे. बंदी येऊनही चोरट्या मार्गाने ही वस्तू येते, वापरली जाते आणि शेवटी कुठेतरी पडते. या शेवटच्या पायरीविषयी मात्र सारेच मौन बाळगून आहेत.

हे मौन कसे निर्माण झाले ते पाहण्यासारखे आहे. भारतात बॅटरीच्या कचऱ्यासाठी नियम नाहीत असे नव्हे. २००१ चे जुने नियम मुख्यतः शिसे-आम्लाच्या बॅटरीपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमां'नी घड्याळातल्या सेलपासून विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीपर्यंत सर्वांना आपल्या कक्षेत घेतले. बॅटरी बाजारात आणणाऱ्या उत्पादकानेच ती परत गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवावी, तिला पुरू नये, जाळू नये असे हे नियम सांगतात. ग्राहकानेही ती घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याच्या वा पुनर्चक्रण करणाऱ्याच्या हाती द्यावी, असे त्यांत आहे. रचना चांगली आहे, पण तिचा सारा भार 'उत्पादक' या एका शब्दावर उभा आहे. जी वस्तू कायद्याने देशात असूच शकत नाही तिचा उत्पादक नोंदवहीत कसा सापडणार? एका कायद्याने वस्तू नाकारली. दुसऱ्या कायद्याने तिच्या शेवटाची जबाबदारी अशा माणसावर टाकली, की जो कागदावर जन्मलाच नाही. परिणामी व्हेपचा सेल बेवारस झाला. आणि बेवारस वस्तू आपल्याकडे नेहमी ज्या हातांत जाते त्याच हातांत तीही जाते.

ते हात कुणाचे, हे सांगण्याआधी या सेलचा स्वभाव समजून घ्यावा लागेल. त्याच्या आत दोन पट्ट्या असतात आणि दोहोंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. भोवती पेट घेणारा द्रव. सेल चिरडला, वाकला, त्याला खिळा लागला की पडदा फाटतो, आतल्या आत वीज वाहू लागते, उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि क्रियेने पुन्हा उष्णता. त्यातून ज्वाला निघते आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायूही. तापलेल्या पट्टीतून प्राणवायू सुटत असल्याने केवळ हवा कोंडून ही आग सहसा विझत नाही. वऱ्हाडात हे समजावून सांगणे कठीण जाऊ नये. जिनिंगमध्ये विडी पेटवू नये, कापसाच्या गंजीजवळ ठिणगी नेऊ नये, गाठीच्या पोटातली धग वरून दिसत नाही, हे अकोल्या-अमरावतीकडच्या माणसाला शाळेत शिकवावे लागत नाही. लिथियमचा सेल ही तशीच पोटात धग बाळगणारी वस्तू आहे. फरक इतकाच, की कापसाविषयीची सावधगिरी आपल्या भाषेत मुरली आहे. या सेलविषयीची अजून नाही.

उलट आपली भाषा इथे फसवते. आपण म्हणतो, 'सेल संपला'. टॉर्चमधला जस्ताचा सेल खरोखरच जवळजवळ संपत असे. त्यामुळे घराघरांत तो फोडून आतली काळी कांडी काढावी आणि भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात हा मुलांचा खेळ होता. ट्रान्झिस्टरचे सेल मंद झाले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवण्याची युक्ती तर अनेक घरांत होती. या दोन्ही सवयी लिथियमच्या सेलला लावल्या तर अनर्थ ओढवेल. तो फोडणे म्हणजे पडदा फाडणे. आणि ज्या अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तिथे तो उन्हात ठेवणे म्हणजे धगीला धग देणे. त्या मानाने 'बॅटरी उतरली' हा प्रयोग आम्हांला अधिक खरा वाटतो. उतरलेली गोष्ट खाली आलेली असते, नाहीशी झालेली नसते. निकामी वाटणाऱ्या व्हेपमध्येही आग लावण्यापुरती वीज उरलेली असते. एका क्रियापदाची निवड इथे कोणाचा तरी हात भाजण्याशी किंवा वाचण्याशी निगडित आहे.

आता ते हात. आपल्याकडची जुनी व्यवस्था टाकाऊ वस्तूंबाबत मुळीच अडाणी नव्हती. पितळेची भांडी मोडीत जात, बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देई, रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याकडे जाई. शेतात फवारणीच्या पंपाची, रोही-डुकरांसाठी लावलेल्या झटका यंत्राची, घरातल्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरीही सहसा उकिरड्यावर पडत नाही. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. पुढे ते शिसे कोठे, कशा रीतीने वितळवले जाते हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण ती परत जाते ती किंमत असल्यामुळे. बाजार किमतीची वस्तू स्वतःहून विल्हेस लावतो. व्हेपमधल्या, कानात घालायच्या यंत्रातल्या, खेळण्यातल्या एवढ्याशा सेलला एकट्याने काही किंमत नाही. म्हणून तो मोडीत जात नाही, केरात जातो.

केरातून तो घंटागाडीत जातो, जिथे कचरा दाबला जातो. तिथून अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षे सुकळीच्या डेपोत आणि अकोल्याचा नायगावच्या मैदानात जाऊन साचत आला. उन्हाळ्यात अशा ढिगांना आगी लागतात. त्यांची कारणे अनेक असतात, कुजलेल्या कचऱ्यातल्या मिथेनपासून फेकलेल्या विडीपर्यंत; प्रत्येक आगीचे खापर बॅटरीवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या ढिगात आधीच इंधन आहे त्यात ठिणगी पेरत राहणे शहाणपणाचे नाही. आणि त्या ढिगावर वाकून प्लॅस्टिक, तार, पत्रा वेचणारी बाई चकाकणारी नळी दिसली की आतल्या धातूसाठी ती दगडाने ठेचणार, हे ओळखण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. नळीत उरलेले निकोटीन विषारी असते आणि त्वचेतूनही अंगात भिनते. ज्या सुखाशी तिचा काडीचा संबंध नव्हता त्याची शिक्षा तिच्या बोटांना होते.

विदर्भाला हा धडा नवा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या प्रत्येक डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण नियमाप्रमाणे छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल. मृत्यूंची कारणे अनेक होती, संरक्षक साधनांचा अभाव हे त्यांतले मोठे. पण चिन्ह छापले म्हणजे सूचना पोचली, या समजुतीचा फोलपणाही तेव्हा उघडा पडला. बॅटरीवरही एक चिन्ह असते : चाकांचा कचराडबा आणि त्यावर फुली. 'ही केरात टाकू नका' असा त्याचा अर्थ. आपल्या किती विद्यार्थ्यांना तो ठाऊक असेल? चिन्हविचार शिकवताना चिन्हक आणि चिन्हित यांतील नाते रूढीने ठरते असे आपण वर्गात सांगतो. इथे रूढीच निर्माण झालेली नाही. चिन्ह आहे आणि त्याचा अर्थ ठरवणारा समाज नाही. हे काम रसायनशास्त्राच्या विभागाचे नव्हे. ते भाषेच्या विभागाचे आहे असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

वऱ्हाडात असे काम करण्याला मोठी परंपरा आहे. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा; बालपण गेले अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी; आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तरे काढून घ्यायची, ही त्यांची पद्धत. पुढे शासनाने २००० च्या सुमारास त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. तुकडोजी महाराजांनीही गुरुकुंज मोझरीतून ग्रामसफाईचा विचार गावोगाव पोचवला. दोघांच्याही उपदेशात स्वच्छतेइतकेच व्यसनमुक्तीला स्थान होते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालत होत्या. गाव झाडणाऱ्याने दारू सोडावी, दारू सोडणाऱ्याने गाव झाडावे.

व्हेपच्या बाबतीत मात्र या दोन मूल्यांत तेढ उत्पन्न होते, आणि आमच्या मते प्रश्नाचे मर्म इथेच आहे. व्यसनमुक्तीचा आवेश विद्यार्थ्याला सांगतो की ही वस्तू तुझ्याजवळ सापडली तर तुझी धडगत नाही. स्वच्छतेचा विचार त्याला सांगू इच्छितो की ती वस्तू बाहेर काढ आणि योग्य हाती दे. भ्यालेला मुलगा पहिले ऐकतो. तो नळी खिशातून काढतो ती वसतिगृहाच्या केराच्या टोपलीत, गटारात किंवा मैदानाच्या कडेच्या झुडपात टाकण्यासाठी. ३१ मे रोजी आपण तंबाखूविरोधाच्या शपथा देतो, त्या द्याव्यातच. परंतु शपथ घेऊन एखाद्याने खरोखर व्हेप सोडायचे ठरवले तर हातातल्या नळीचे काय करावे, हे त्या शपथपत्रात नसते. सोडण्याच्या क्षणीच तो दुसऱ्या कोणासाठी तरी धोका मागे टाकून जातो.

अशी तेढ आली की तिसऱ्या माणसाचा हात आधी वाचवावा, असे आमचे मत आहे. वापरलेले उपकरण स्वीकारताना नाव, वर्ग, कारण काहीही विचारू नये. यामुळे व्यसनाला उत्तेजन मिळेल असा आक्षेप घेतला जाईल. आम्हांला तो पटत नाही. कोणी रिकामे उपकरण जमा करता यावे म्हणून व्यसन सुरू करील हे संभवत नाही. उलट न विचारता घेणारा एक हात संस्थेत आहे हे कळल्यावर त्याच हाताकडे मदत मागण्याचे धैर्य एखाद्याला होईल. व्हेप वापरणारी मुले आपल्या गावांत थोडी आहेत, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असेही कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर असे, की व्हेप हे टोकाचे उदाहरण आहे. तोच सेल जुन्या मोबाईलमध्ये, पॉवर बँकेत, डासांच्या रॅकेटमध्ये आहे, आणि ही सारी मंडळी प्रत्येक घराच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून आहेत. सर्वांत लपवली जाणारी वस्तू ज्या वाटेने सुखरूप जाऊ शकेल त्या वाटेने बाकीच्या सहज जातील.

मात्र ही वाट संस्थांनी एकट्याने काढावी असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ च्या कायद्यानुसार आपल्या ताब्यातील जागा ई-सिगारेटच्या साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणे हाच गुन्हा आहे. वापरलेल्या नळ्यांची पेटी ठेवली तर ती 'साठा' ठरेल काय, ही धास्ती प्राचार्यांना वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून टाकाऊ उपकरणे पुनर्चक्रणासाठी गोळा करणे म्हणजे साठवण नव्हे, असा लेखी खुलासा शासनाने करायला हवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीतच आहे. मंडळ, दोन्ही महानगरपालिका आणि पोलीस यांनी मिळून ही पद्धत ठरवणे अशक्य नाही. पोलिसांनी जप्त केलेल्या मालालाही तीच पद्धत लागू व्हावी. जप्त दारूच्या बाटल्या रोडरोलरखाली चिरडण्याचे दृश्य आपल्याला परिचित आहे. लिथियमच्या सेलवर तो प्रयोग कोणी करू नये. आणि या व्यवस्थेत भंगारवाल्यांना व कचरावेचकांना वगळू नये. तेच आपले खरे जाणकार आहेत. त्यांना हातमोजे, माहिती आणि सेलमागे ठरावीक मोबदला दिला तर ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही तिला किंमत येईल.

तोवर प्रत्येकाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. व्हेपचे उपकरण फोडू नये, आतला सेल उचकटू नये, नळी धुऊन द्रव मोरीत सोडू नये. उपकरण तसेच्या तसे वेगळ्या पिशवीत ठेवावे. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, म्हणजे नाण्याशी वा किल्लीशी स्पर्श होऊन वीज वाहणार नाही. फुगलेला सेल पुन्हा भारित करू नये, खिशात वागवू नये. ओल्या वा सुक्या कोणत्याच कचऱ्यात तो टाकू नये. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा जुनी उपकरणे परत घेणाऱ्या कंपनीच्या सेवाकेंद्राकडे द्यावा. व्हेप ते घेतीलच असे नाही, म्हणून वरच्या खुलाशाची निकड. जमा करेपर्यंत उन्हापासून आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूने भरलेल्या मातीच्या गाडग्यात हे सेल ठेवणे बरे. वाळू आग लागणारच नाही अशी हमी देत नाही, पण ती शेजारी पसरू देत नाही. गाडगे महाराजांना त्यांचे नाव मिळाले ते हातातल्या फुटक्या गाडग्यावरून, इतरांनी टाकून दिले असते अशा एका वस्तूवरून. त्या नावाच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत असे एकेक गाडगे ठेवले जावे, यात आम्हांला काही अवघड दिसत नाही.

मराठी विभागांनी याहून एक जास्तीचे काम अंगावर घ्यावे. त्या गाडग्यावर लावायची पाटी लिहावी. ती नियमांच्या भाषेत नको आणि जाहिरातीच्या भाषेतही नको; सफाई करणाऱ्या बाईला वाचून दाखवली तर एका ऐकण्यात कळेल अशी हवी. तिच्यात वऱ्हाडी असावी, फुली मारलेल्या डब्याचा अर्थ असावा, आणि 'संपलेला' सेल न म्हणता 'उतरलेला' सेल म्हटलेले असावे. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात आपण वर्षानुवर्षे काल्पनिक जाहिराती आणि काल्पनिक निवेदने लिहून घेतो. या वर्षी एक खरी पाटी लिहून घेऊ या, आणि ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडूनच तपासून घेऊ या.